उकळून प्यावे, शक्यतो पिणे टाळावे

आमच्या गाडीच्या टपावर दोन कर्णे होते, एकाचं तोंड पुढे आणि एकाचं मागे. गाडी मी चालवायचो आणि माझ्या शेजारी मांडीवर माइक घेऊन तो बसायचा. अशी एकवीस वर्षं काढली आम्ही. त्याचं खरं नाव नगरपालिकेच्या हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळ्या शहरासाठी तो भोंगा. कर वेळेवर भरा, उद्या वीज नाही, पिसाळलेलं कुत्रं फिरतंय, मतदार यादी लागली आहे, जे काही सरकारला लोकांना सांगायचं असेल ते याच्या तोंडून बाहेर पडायचं.

त्याआधी तो बस स्टँडवर गावांची नावं ओरडायचा. एका दमात बावीस गावं, मध्ये श्वास नाही. त्या आवाजामुळे एका साहेबांची सुटलेली बस थांबली, आणि साहेबांनीच त्याला पालिकेत चिकटवलं, असं तो सांगायचा. खरंखोटं देव जाणे. आवाज मात्र खरंच तसा होता. खोलीत बोलला तर भांडी वाजायची.

त्याची बायको सरकारी दवाखान्यात मुख्य नर्स. सगळं शहर तिला सिस्टर म्हणायचं म्हणून हाही घरात तिला सिस्टरच म्हणायचा, आणि नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणू नये हे तिने त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगून पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो की हा मुद्दाम सरकारी आवाजात सुरू करायचा, "सिस्टरना कळविण्यात येते की चहा थंड झाला आहे." ती आतून म्हणायची, "नागरिकांनी तो स्वतः गरम करून घ्यावा."

'कळविण्यात येते' या दोन शब्दांवर त्याचा भारी जीव. मला म्हणायचा, "ड्रायव्हर, बघ, यात माणूसच नाही. कोण कळवतंय? कोणीच नाही. नुसतं कळविण्यात येतंय. त्यामुळे कोणी आपल्या अंगावर येत नाही." आणि खरंच एकवीस वर्षांत आमच्या अंगावर कोणी आलं नव्हतं. पाणी बंद म्हटलं तरी लोक शिव्या पालिकेला द्यायचे आणि आम्हाला हात करायचे.

मग तो मंगळवार आला.

सकाळी नदीकाठच्या वस्तीतून माणसं दवाखान्यात यायला लागली. उलट्या, घाम, तोंडातून लाळ, हातपाय झटकणं. नऊ वाजेपर्यंत साठ माणसं, दोन मेलेली. पालिकेच्या मुख्य अधिकारी मॅडमनी बैठक बोलावली. आम्ही नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर कागदाची वाट पाहत बसलो. अर्ध्या तासात कागद आला. पाण्यात जंतू झाले असावेत, सर्वांनी नळाचं पाणी उकळून प्यावं. खाली आरोग्य विभागाच्या डॉक्टरांची सही.

भोंगाने कागद वाचला आणि आम्ही निघालो. दिवसभर एकच वाक्य. संध्याकाळपर्यंत त्याने ते दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. मनाने त्यात थोडी भरही घातली, "खळखळून उकळा, वीस मिनिटं उकळा, कंटाळा करू नका, लेकराबाळांना तर आवर्जून उकळूनच द्या." नदीकाठच्या गल्लीत एक बेकरीवाला होता, आडदांड माणूस, आमचा ओळखीचा. तो दुकानाबाहेर आला आणि म्हणाला, "भोंगा, इथे निम्म्या घरांत इंधन नाही रे. माझी भट्टी चालूच असते. मी सगळ्या गल्लीचं पाणी उकळून देतो."

"शाब्बास!" भोंगा माइकवरूनच म्हणाला. सगळ्या गल्लीने ऐकलं. बेकरीवाल्याचा चेहरा फुलला.

बुधवारी सकाळी नऊला आम्ही पुन्हा त्याच गल्लीत शिरलो, तेच वाक्य घेऊन. रात्रीत मेलेल्यांचा आकडा सव्वीसवर गेला होता, पण आम्हाला तो कोणी सांगितला नव्हता. गल्ली रिकामी होती. बेकरीच्या पायरीवर पांढऱ्या चादरी टाकून सात जण झोपवलेले होते. मला आधी वाटलं पिठाची पोती आहेत.

भोंगा म्हणाला, "नागरिकांना कळविण्यात येते की पाणी उकळून..."

एवढंच. बेकरीवाला आतून आला तो भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन. त्याने ते पुढच्या काचेवर घातलं. काच माझ्या मांडीवर आली. मी गाडी मागे घ्यायला गेलो तर मागे माणसं. कुठून आली कळलं नाही, दरवाजे उघडून घरांतून आली. कोणीतरी टपावर चढलं आणि कर्णा उपटला, त्याची तार दारातून लोंबत राहिली. भोंगाला त्यांनी दाराची काच फोडून ओढला. अख्खा माणूस त्या चौकोनातून बाहेर गेला, आणि जाताना काचेच्या उरलेल्या दातांनी त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर लांब ओरखडे काढले.

"तूच सांगितलंस!" बेकरीवाला ओरडत होता. "वीस मिनिटं! वीस मिनिटं उकळलं मी! माझ्या हाताने पाजलं मी त्यांना!"

दांडा भोंगाच्या कानावर बसला. मी तो आवाज ऐकला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडते तसा. दुसरा तोंडावर. मग लाथा. मी मध्ये पडलो तर कोणीतरी माझ्या पाठीत वीट घातली आणि मी गुडघ्यावर आलो, तिथून मला लोकांच्या पायांमधून त्याचा चेहरा दिसत होता. तो हात वर करत नव्हता. डोळे उघडे ठेवून बेकरीवाल्याकडे बघत होता आणि काहीतरी म्हणत होता. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "मी विचारत होतो, त्यातली तुझी कोणती."

बेकरीवाल्याची बायको होती त्यात. आणि मेव्हणी.

पोलिसांची गाडी आली, अश्रुधूर सोडला, त्या धुरात मी भोंगाला बखोटीला धरून गाडीत टाकलं आणि पुढची काच नसलेली गाडी तशीच दवाखान्यात नेली.

दवाखान्यात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीने आम्हाला पट्ट्यांच्या कपाटाशेजारी उभं केलं आणि नवऱ्याच्या डोक्याला टाके घालायला लागली. बधीर करायचं औषध संपलेलं होतं. तो ओठ चावत होता, आणि ओठ आधीच फाटलेला होता. चार दात गेले होते. उजव्या कानातून पातळ रक्त येत होतं.

"अहो, हलू नका," ती म्हणाली, आणि तिसरा टाका घालता घालता एकदम थांबली. "तुम्ही अजून उकळायलाच सांगताय?"

"कागदावर तेच आहे."

"हे जंतू नाहीत," ती म्हणाली. "भावजी, तुम्हीही ऐका. मी काल दुपारपासून बघतेय. प्रत्येकाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. लाळ, घाम, झटके. जंतूंनी असं होत नाही. हे पिकावर मारायचं विष आहे. मी नवी असताना फवारणीवाले यायचे, ते अगदी असे. हे उकळून जात नाही. वाफ जाते, पाणी आटतं आणि विष खाली राहतं, उलट घट्ट होऊन. ज्यांनी नीट उकळलं तेच आधी मेले."

"तू कोणाला सांगितलंस?"

"आरोग्य विभागाच्या डॉक्टरांना. सकाळी आठला. ते म्हणाले, नमुना पाठवलाय, अहवाल उद्या येईल. नर्सच्या अंदाजावर शहराचं पाणी बंद करता येत नाही." तिने दोरा तोडला. "कुठेतरी वर विषाचा साठा आहे आणि तो गळतोय. एवढं सांगायला अहवाल कशाला लागतो?"

तिचं खरं होतं. नदीच्या वरच्या अंगाला कीटकनाशकांचं एक गोदाम होतं. सोमवारी तिथली भिंत खचून पिंपं फुटली होती आणि मालकाने ती गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. पण हे सगळ्यांना कळलं ते शुक्रवारी.

दवाखान्याचं पाणी चांगलं होतं. ते टेकडीवरच्या जुन्या टाकीतून यायचं, तिथे झऱ्याचं पाणी साठत असे. हेही वहिनीनेच सांगितलं, भोंगाच्या हातात ग्लास देताना. "हे प्या, हे चालतं."

अकराच्या बैठकीला आम्ही पोहोचलो. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर पोलीस बसले होते, म्हणून शिपायाने आम्हाला आत भिंतीशी उभं केलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी ती खोली आतून पाहिली. लांब टेबल, भिंतीवर शहराचा नकाशा, त्यात लाल टाचण्या, आणि टेबलाशी आठ माणसं. ती रात्रभर झोपलेली नव्हती. मला आधी वाटायचं, तिथे सगळं ठरलेलं असतं. तसं काही नव्हतं. सगळे घाबरलेले होते, तुमच्या-आमच्यासारखे.

मॅडम मधोमध. त्यांच्या कानाला फोन होता आणि पलीकडे राजधानीतले मंत्री. त्या फक्त "हो सर", "नाही सर" करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "अहवाल हातात नसताना विष हा शब्द उच्चारायचा नाही. विष म्हटलं की प्रश्न येणार, कोणाचं?"

आरोग्य विभागाचे डॉक्टर म्हणाले, "विष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. जंतूंचीही नाकारता येत नाही."

"मग पाणी बंद करू या?"

पोलीसप्रमुख पुढे झुकले. "बंद करा. दोन लाख माणसं आणि तुमचे टँकर सोळा. बाकीची कुठे जातील? टेकडीवरच्या टाकीकडे. ती दवाखान्याची आणि अग्निशमनाची टाकी. ती लुटली गेली तर दवाखाना बंद. माझ्याकडे एकशे वीस माणसं आहेत. मला टाकी राखायचा लेखी आदेश द्या, लागेल ते बळ वापरायच्या परवानगीसकट. तरच पाणी बंद करा."

त्यांचंही चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्या टेबलावरचा प्रत्येक जण थोडा थोडा बरोबर होता. पोलीसप्रमुखांना त्यांचा आदेश मिळाला, तिथेच टाइप होऊन. नागरिकांसाठीच्या कागदावर मात्र वीस मिनिटं गेली. एक शब्द घालायचे, एक काढायचे. शेवटी तो भोंगाच्या हातात आला. त्याने वाचला. मग त्याने काहीतरी केलं जे आमच्या नोकरीत कोणी करत नाही. तो बोलला.

"मॅडम."

सगळे वळले. डोक्याला पट्टी, शर्टावर रक्त, आणि दात नसल्याने शब्द घसरत होते.

"इथे लिहिलंय, पाणी उकळून प्यावे, शक्यतो पिणे टाळावे. उकळून प्यायचं की टाळायचं?"

डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही कसं करायचं?"

"वाचा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. रागावून नाही. दमलेल्या आवाजात. "जेवढं लिहिलंय तेवढं वाचा, प्लीज."

आम्ही बाहेर आलो. दुसरी गाडी नव्हती. फुटक्या काचेच्या त्याच गाडीवर मी उरलेला एक कर्णा घट्ट बांधला. पहिल्या चौकात भोंगाने माइक तोंडाशी धरला. "नागरिकांना कळविण्यात येते की..." आणि थांबला. कर्ण्यातून नुसती खरखर.

"गाडी बंद कर," त्याने मला सांगितलं. मी इंजिन बंद केलं.

"मी भोंगा बोलतोय," तो म्हणाला. साध्या आवाजात, सरकारी नाही. "काल मी तुम्हाला पाणी उकळायला सांगितलं. ते चुकलं. उकळलेलं पाणी ओतून द्या. नळाचं पाणी विष आहे. उकळून विष जात नाही. हे मला कोणी सांगायला सांगितलेलं नाही, हे मी सांगतोय. ओतून द्या, आत्ता."

मी त्याचा हात धरला. "तुझी नोकरी गेली."

"सोड."

खिडक्या उघडल्या. पातेली, घागरी, बाटल्या रस्त्यावर रित्या व्हायला लागल्या. आम्ही पुढे सरकत गेलो, चौकामागून चौक, आणि मागे गटारं भरून वाहताना मी आरशात बघत होतो. चौथ्या चौकात शिवणकाम करणारी एक बाई दोन रिकामे कॅन घेऊन गाडीला आडवी आली. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती, कपडे बेतता बेतता उठून आलेली.

"ओतलं मी सगळं," ती म्हणाली. "आता प्यायचं काय? घरात आई आहे, तापाने फणफणलीय."

भोंगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, नको. टेकडीचा आदेश आम्ही दोघांनी आमच्या कानांनी ऐकला होता.

"काय पिऊ नका ते सांगितलं," तो हळू आवाजात मला म्हणाला. "काय प्यायचं ते नको सांगायला?"

आणि त्याने माइकवर सांगितलं. टेकडीवरच्या टाकीचं पाणी चांगलं आहे. दवाखाना तेच पितो. रांगेने जा.

रांगेने जा, हे त्याने तीनदा म्हटलं. पुढे चौकशी आयोगासमोर ते मी शपथेवर सांगितलं आहे.

एक वाजता टेकडीच्या रस्त्यावर पाच-सहा हजार माणसं होती. आम्ही खाली अडकलो, गाडी पुढे जाईना, तेव्हा उतरून चालायला लागलो. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला दरड, आणि वर टाकीचं लोखंडी फाटक, फाटकाबाहेर एक नळ. पुढचे फाटकाला लागले होते आणि मागचे ढकलत होते. फाटकामागे पोलीस. कोणी दगड मारला म्हणतात. मी पाहिला नाही. फाटक आत झुकताना मात्र पाहिलं.

पहिला आवाज झाला तेव्हा लोकांना वाटलं, पुन्हा धूर सोडताहेत, म्हणून त्यांनी तोंडं झाकली. मग पुढचे पडायला लागले. मागच्यांना दिसत नव्हतं, ते ढकलतच होते. जे मागे पळायला वळले ते मागून येणाऱ्यांत अडकले, आणि कड्याच्या बाजूची माणसं खाली गेली, एकमेकांना धरून, कॅनांसकट. गोळीबार एक मिनिटही चालला नसेल. मग नुसतं किंचाळणं, आणि त्यात टाकीच्या फुटलेल्या नळातून स्वच्छ पाणी रस्त्यावरून खाली वाहत येत होतं. वरून येताना पांढरं, आमच्यापाशी पोहोचेपर्यंत लाल. एक म्हातारा ओणवा होऊन ते ओंजळीने पीत होता.

शिवणकामवाली फाटकापासून दहा पावलांवर पडली होती. गोळी गळ्यात लागली होती. टेप रक्ताने भिजून मानेला चिकटली होती. दोन्ही कॅन भरलेले. म्हणजे तिला पाणी मिळालं होतं. ती परत निघाली होती.

भोंगा तिच्याजवळ बसला. एका पोलिसाने त्याला ओळखलं. "हाच तो, यानेच पाठवले सगळे," आणि मग सकाळचे टाके पुन्हा उसवेपर्यंत त्यांनी त्याला काठ्यांनी मारलं. यावेळी मी मध्ये पडलो नाही. मी घाबरलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

नऊ जण गोळीने गेले, पाच कड्यावरून.

तीन वाजता मॅडम स्वतः टेकडीवर आल्या. त्या रस्त्यावरून चालत वर गेल्या, प्रत्येक प्रेतापाशी थांबत. त्यांच्या बुटांचा आवाज चिकचिक येत होता. वर जाऊन त्यांनी फाटक उघडायला लावलं, अग्निशमनाचे पाइप खालपर्यंत सोडायला लावले, आणि चार जागी पाणी वाटायला सुरुवात केली. दोन तासांत रांगा लागल्या. सकाळी जे करता येणार नाही असं आठ जणांनी ठरवलं होतं ते दुपारी झालं, त्याच माणसांकडून, त्याच पाइपांनी. गुरुवारी विषाने तीन माणसं गेली. शुक्रवारी एकही नाही. त्याच शुक्रवारी अहवाल आला. वहिनीने सांगितलं होतं तेच त्यात लिहिलं होतं, फक्त मोठ्या शब्दांत.

सहा महिन्यांनी आयोग बसला. तिथे पालिकेने एक आदेश पुढे केला, तो आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नळाचे पाणी पिऊ नये, टेकडीवरील टाकी नागरिकांसाठी खुली करण्यात येत आहे. त्यावर क्रमांक होता, शिक्का होता, आणि वेळ होती बुधवार, सकाळचे अकरा. असा आदेश अकराला निघालाच नव्हता. आम्ही तिथे भिंतीशी उभे होतो.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडम भोंगाच्या घरी आल्या. एकट्याच. मी तिथेच होतो. वहिनीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही उद्या एवढंच म्हणा, की तुम्ही अकराचा आदेश वाचलात," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कर्तव्य केलंत. तुमच्यावर काही येत नाही. नोकरी परत. आणि खरं सांगू? शेकडो माणसं वाचवली तुम्ही. ते श्रेय तुम्हाला मिळायलाच हवं."

"आणि टेकडीवरचे चौदा?"

"गर्दीने रांग मोडली."

"रांग नव्हतीच, मॅडम. रांग लावायला तिथे कोणी नव्हतं. बंदुका लावायला होते."

मॅडमनी डोळे मिटले. "नाही म्हणालात तर चिथावणीचा गुन्हा लागेल. चौदांचं ओझं तुमच्या एकट्याच्या मानेवर येईल. मला अकराला माहीत नव्हतं हो काय बरोबर आहे. कोणालाच नव्हतं. तुम्हाला तरी अर्धंच माहीत होतं."

"अर्धंच," तो म्हणाला. "ते मी उद्या सांगणारच आहे."

त्या गेल्यावर वहिनी बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच पुन्हा घासली. मग आतून म्हणाली, "नागरिकांनी जे खरं ते सांगावं. घर मी बघते."

त्याने सांगितलं. आदेश नव्हता, मी बोललो. टेकडीवर बंदुका आहेत हे मला माहीत होतं आणि ते मी लोकांना सांगितलं नाही, ती माझी चूक. मग न्यायमूर्तींनी विचारलं, मूळ कागदावर काय होतं? भोंगाने ते वाक्य म्हणून दाखवलं, त्याच्या जुन्या सरकारी आवाजात, "पाणी उकळून प्यावे, शक्यतो पिणे टाळावे." सभागृहात हशा पिकला. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी ते दोनदा लिहून घेतलं.

त्याला चौदा महिने तुरुंग झाला. मॅडमची बदली झाली, राजधानीत, बढतीवर. पोलीसप्रमुख मुदतीआधी निवृत्त झाले. गोदामाच्या मालकाचा खटला अजून चालू आहे. आयोगाच्या अहवालात एक ओळ आली, की टेकडीवर रांग नव्हती, त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आणि एक नियम झाला. दवाखान्याच्या मुख्य नर्सला संशय आला तर अहवालाची वाट न पाहता तिने शहराचं पाणी बंद करावं, आणि त्याच तासाला दुसरं पाणी कुठे मिळेल ते जाहीर करावं. एवढीच दोन वाक्यं.

तुरुंगातून सुटल्यावर तिसऱ्या दिवशी भोंगा शिवणकामवालीच्या घरी गेला. मी म्हटलं जाऊ नको. तो गेला, म्हणून मीही गेलो. दार तिच्या भावाने उघडलं. लोहारकाम करणारा माणूस, मनगटं माझ्या पोटरीएवढी. त्याने भोंगाच्या तोंडावर ठोसा मारला. नाक मोडल्याचं मला ऐकू आलं. भोंगा भिंतीला टेकला, सरळ झाला, लोहाराने पुन्हा मारला. चार वेळा. पाचव्यांदा हात उगारून तो तसाच उभा राहिला.

"आई जगली," तो धापा टाकत म्हणाला. "माझी लेकरं जगली. तू बोलला नसतास तर सगळे गेलो असतो. बोललास म्हणून ती गेली. मग मी मारू कोणाला? सांग ना. ते टेबलाशी बसलेले, ते कुठे राहतात मला माहीत नाही. तू हाताला लागतोस."

"मार," भोंगा म्हणाला.

"जा," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

नंतर भोंगाने पुन्हा नोकरी केली नाही. उजवा कान गेला होता, त्यामुळे स्वतःचा आवाज त्याला नीट कळायचा नाही आणि तो बोलायचाही कमी. बेकरीवाला त्याच्याशी कधीच बोलला नाही, पण रोज सकाळी त्यांच्या दारात पावाची पिशवी टांगलेली असायची. ती कोण टांगतं हे वहिनीने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

वहिनी निवृत्त झाल्यावर तिच्या जागी एक तरुण नर्स आली. तिने चार वर्षांनी एका सकाळी नियम वापरला. तीन जण चक्कर येऊन पडले, तिने पाणी बंद केलं. अर्ध्या तासात टेकडीवरून पाइप खाली आले. पालिकेची नवी गाडी फिरली, तिच्यावर एका तरुण मुलीचा आवाज. शहराने दोन दिवस रांगा लावल्या आणि त्या नर्सच्या नावाने बोटं मोडली. भोंगाही कॅन घेऊन उभा होता, माझ्यापुढे. तो लोहार आमच्यापुढे चार माणसं सोडून. ऊन मी म्हणत होतं.

"काही नसणार," भोंगा कुरकुरत होता, "उगाच पाय मोडायला लावले. आमच्या सिस्टरने असं कधी केलं नसतं."

"तुझ्या सिस्टरनेच हे सुरू केलं," मी त्याच्या डाव्या कानात ओरडलो.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. पाणी स्वच्छ होतं. ते तिघं लग्नाघरचं शिळं अन्न खाऊन आजारी पडले होते आणि बरे होऊन घरी गेले. पुढे महिनाभर लोक त्या नर्सला रस्त्यात टोमणे मारायचे. ती सायकलवरून निघून जायची.